पहिली तीन काजं

गावीत सिस्टरांचा मला अजून राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की मी विरघळलो. माझा धंदा जुन्या मशीनचा. सातपूरला माझी शेड आहे. लेथ, ड्रिल, प्रेस घेतो, दुरुस्त करतो, विकतो. या धंद्यात विरघळणारा माणूस टिकत नाही. समोरचा काय झाकतोय हे ओळखण्यावर मी मोठा झालो. आणि या बाईने फोनच्या पडद्यावरून, चार लोकांदेखत, माझ्या नाकाखालची गोष्ट माझ्याच तोंडून वदवून घेतली.

माझा मोठा भाऊ सटाण्याला शिंपीकाम करतो. आम्ही त्याला भाऊच म्हणतो. वडील लवकर गेले, तेव्हा भाऊने पायाच्या मशीनवर घर ओढलं आणि मला शिकायला नाशिकला पाठवलं. त्या मशीनचं लोखंडी पायडल त्याच्या टाचेखाली झिजून चमकतं. दोनेक वर्षांपूर्वी त्याचे हात मंद व्हायला लागले. चालताना पावलं लहान पडायची, जमिनीला घासायची. चेहऱ्यावरचं हसू गेलं. आणि ओठ मात्र थांबत नसत, तोंडात काहीतरी चघळत असल्यासारखे सारखे हलायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं म्हातारा तंबाखू खातो. भाऊने आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही.

तिथल्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळी सुरू केली. फरक असा पडला नाही. नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात मेंदूचे डॉक्टर होते, त्यांची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळत होती. तारीख अलीकडे ओढायला मी स्वतः गेलो. मला कुठलीही पहिली किंमत आणि पहिली तारीख मान्य नसते.

खिडकीवरच्या मुलाने मला एक्स-रेच्या मागच्या खोलीत पाठवलं. दारावर ‘दूरतपासणी’ असा बोर्ड होता. आत दोन पडदे, एक दिवा, आणि बिनहातांची एक खुर्ची. खुर्चीपुढे जमिनीवर खडूने दोन समांतर रेघा ओढलेल्या. आणि एक ठेंगणी, काळीसावळी बाई, घट्ट अंबाडा, नाकावर घसरलेला चष्मा, अनवाणी. चपला दाराबाहेर. मी बूट घालून आत पाऊल टाकलं तर त्यांनी नुसतं खाली बघितलं. मी बूट काढले. का काढले ते मला आजही सांगता येत नाही.

“पेशंट कुठंय?”

“सटाण्याला. एवढा वेळ गाडीत बसवत नाही त्याला.”

“मग तुम्ही काय दाखवायला आलात?”

“तारीख अलीकडची पाहिजे. काय लागेल ते सांगा.”

“लागेल की,” त्या म्हणाल्या. “बिनहातांची खुर्ची लागेल. पुढून उजेड लागेल. आणि पेशंटच्या पायात काही नको.”

मी चिडलो. म्हणालो, “बाई, फोनवर काय कळणार आहे? मी साधं ड्रिल मशीन फोटोवर घेत नाही.”

“मी पण नाय घेत,” त्या म्हणाल्या. “चालू करून दाखवा.”

हे माझं वाक्य आहे. सातपूरमध्ये कोणालाही विचारा. कितीही चकाचक रंगवलेलं मशीन असो, मी एवढंच म्हणतो: चालू करून दाखवा. ते वाक्य माझ्यावर कोणी फेकेल असं मला वाटलं नव्हतं. मी सावरायच्या आत त्यांनी मला गुरुवारची वेळ लिहून दिली. अर्धा तास आधी त्या स्वतः बघणार, मग डॉक्टर.

गावीत सिस्टर हरसूलकडच्या डोंगरातल्या. नाशिकला नोकरीत बरीच वर्षं काढलेली, तरी बोलता बोलता ‘हाय’ आणि ‘नाय’ निसटायचं. पेशंटला त्या नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. “सुरगाणा, पाय पुढं घ्या.” “पेठ, जीभ बाहेर, आणखी बाहेर.” भाऊ झाला ‘सटाणा’. मी नाशिकचा असूनही मला गाव मिळालं नाही. मी ‘मशीनवाले’. त्यांच्याकडे एक लांबुडकी वही होती. तिच्यात पेशंटगणिक एक काडीमाणूस काढलेला असे आणि जिथे जिथे हालचाल दिसे तिथे बाण. तोंडाला बाण, अंगठ्याला बाण, डाव्या पायाला दोन बाण. त्यांना बाकीचं लिहायचा कंटाळा होता. दोन कॉलच्या मध्ये स्टीलच्या डबीतून शेंगदाणे आणि गूळ खायच्या. मला कधी विचारलं नाही.

त्या गुरुवारी मी सटाण्याला गेलो. वहिनीने भाऊला नवीन दाढी, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून तयार ठेवला होता. पुढे टेबल, टेबलावर फुलाफुलांचं कापड. मीच फोनवर सांगितलं होतं की मोठे डॉक्टर बघणार आहेत, नीट बसव. वहिनीने भाऊला हात टेबलाखाली मांडीत घट्ट धरायला सांगितलं होतं, म्हणजे थरथर दिसायला नको. ओठांसाठी तोंडात लवंग दिली होती.

पडद्यावर सिस्टरांचं फक्त कपाळ आणि चष्मा आला. त्या नेहमी इतक्या पुढे वाकायच्या की त्यांचं तोंड कधी पूर्ण दिसायचंच नाही.

“मुलगा दाखवायचा कार्यक्रम हाय का?” त्या म्हणाल्या. “टेबल काढा. लवंग थुंका. सटाणा, आम्हाला तुमचं दुखणं बघायचंय, तुम्ही त्याला घरात कोंडून आलात.”

वहिनी लाजली. भाऊच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे, पण डोळे हसले. मला दिसलं.

फोन मी हातात धरला होता. नेटवर्क जात-येत होतं, मी मोबाईल कंपनीच्या नावाने बोलून घेतलं होतं, अंगात संताप होताच. सिस्टर म्हणाल्या, “थरथर कोणाची ही?”

“भाऊची.”

“भिंत पण थरथरते हाय. भिंतीला कंपवात नसतो. मशीनवाले, तुमचा हात हलतोय. रागानं हलतोय की भुकेनं, मला घेणं नाय. फोन कशाला तरी टेकवा.”

फोन पाण्याच्या तांब्याला टेकवला. तो घसरला. पुन्हा टेकवला. अशी ती पहिली तपासणी झाली. जीभ बाहेर काढा, बोटं आपटा, हात लांब करा, उठा, चाला, वळा. वळायला भाऊला सात पावलं लागली. सिस्टर मोठ्याने मोजत होत्या.

मग त्यांनी विचारलं, “कंपवाताच्या गोळीशिवाय दुसरं कोणतं औषध?”

वहिनीने तोंड उघडलं होतं. पण तिच्या आधी मीच बोललो. “काही नाही. सगळं मीच बघतो.”

“बघा बरं. पोटाचं, चक्करचं, झोपेचं?”

“सांगितलं ना, काही नाही.”

“लिहिते मग,” त्या म्हणाल्या. “पेशंटचा भाऊ म्हणतो, काही नाही.”

मग डॉक्टर आले. तरुण होते, हळू बोलायचे. त्यांनी सांगितलं की साधा कंपवात बहुतेक एका बाजूने सुरू होतो, यांचे दोन्ही हात सारखेच मंद आहेत, वर ओठांची ही हालचाल. असं बरेचदा एखाद्या औषधाने होतं. “काहीच औषध नाही म्हणता?” त्यांनीही विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. मी खोटं बोलत नव्हतो. जे मी औषध समजत होतो ते सगळं सांगितलं होतं.

ठरलं असं, की पंधरा दिवसांनी भाऊला दुकानात, मशीनवर काम करताना बघायचं.

मधल्या दिवसांत मी शेडमध्ये फोनसाठी स्टँड बनवला. खाली जाड पत्र्याचा पाया, वर नळी, नळीत वरखाली सरकणारा दांडा, रबर लावलेली पकड. ट्रक शेजारून गेला तरी फोन हलणार नाही. तसाच दुसरा घेऊन मी सिस्टरांना दाखवायला गेलो. खरं सांगायचं तर त्यांनी माझ्या थरथरत्या हाताबद्दल बोललेलं मला लागलं होतं.

त्या एका कॉलवर होत्या. सुरगाण्याकडची कोणी बाई होती. मानसिक आजाराची गोळी सुरू झाल्यापासून तिला एका जागी बसवत नव्हतं. घरच्यांनी तिला दोन्ही बाजूंनी खांद्याला धरून खुर्चीत दाबून ठेवलं होतं. कोणीतरी म्हणत होतं, अंगात येतं तिच्या.

“सोडा तिला,” सिस्टर म्हणाल्या. “उठू द्या. तिचं बसणं डॉक्टरांना नकोय, तिचं उठणं पाहिजे. बाई, तू चाल. आम्ही बघतो.”

ती बाई उठली आणि चालायला लागली, पडद्याबाहेर गेली, परत आली, पुन्हा गेली. सिस्टर तिच्याशी बोलत राहिल्या, भात किती झाला, नागली किती झाली. वहीत काडीमाणसाच्या दोन्ही पायांना बाण काढले. मग घरच्यांना म्हणाल्या, “हे गोळीचं हाय, तिच्या मनाचं नाय. पण गोळी तुम्ही बंद करायची नाय. डॉक्टर बदलतील. आज दुपारीच बदलतील, मी त्यांच्या दारात उभी राहते.”

आणि राहिल्याही. मी बाकावर बसून बघितलं. डॉक्टर जेवायला निघाले होते, ते परत आत गेले.

मग त्यांनी माझ्या स्टँडकडे बघितलं. हलवून पाहिला, हलला नाही. “असे किती दिवसांत होतील?”

मी म्हणालो, “एकाची किंमत...”

“किंमत मी विचारली नाय. दिवस विचारले.”

मी दहा स्टँड आठ दिवसांत दिले. डोंगरातल्या आशाताईंकडे ते गेले. इतक्या वर्षांत बोलणी सुरू व्हायच्या आधी मी हरलो तो हा एकच व्यवहार.

आता त्या दुसऱ्या तपासणीचं सांगतो. माझा राग तिथून आहे.

भाऊला शिवणं जमत नव्हतं हे घरात सगळ्यांनी मनात मान्य केलं होतं. दुकान बंद करायचं चाललं होतं. मशीनला मी गिऱ्हाईक शोधलं होतं. नाशिकमधला एक हॉटेलवाला. त्याला मशीन नको होतं, त्याचा लोखंडी सांगाडा हवा होता. वर संगमरवरी फरशी टाकून त्याचं टेबल करणार होता. हल्ली तशी फॅशन आहे. मी शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मी फिरवत नाही. तो नेमका त्याच दिवशी छोटा टेम्पो घेऊन आला. मी त्याला म्हणालो, तपासणी होऊ दे, मग उचल. तो ओट्यावर बसला. शेजारचे दोघंतिघं आलेच.

स्टँडवर फोन लावला. सिस्टरांनी आधी फोन खाली करायला लावला. “मला पाय बघायचे. पायडल बघायचं.” भाऊने टाच ठेवली. पायडल दोनदा नीट फिरलं, मग मंदावलं, मग पाय अडकल्यासारखा थांबला. पुन्हा सुरू, पुन्हा थांबलं. ज्या पायाच्या आवाजावर मी लहानपणी झोपलो तो असा अडखळताना ऐकून मी बाहेर बघायला लागलो. हॉटेलवाला मोबाईलवर मशीनचा फोटो काढत होता.

“आता फोन वर घ्या,” सिस्टर म्हणाल्या. “सटाणा, हात सोडा, मोकळे लोंबू द्या. आणि ह्या मशीनवाल्यांचं माप सांगा. पाठ हाय का?”

“पाठ शे,” भाऊ म्हणाला.

“लहानपणापासून सांगा.”

आणि भाऊने सांगायला सुरुवात केली. आवाज सपाट झाला होता, पण आकडा चुकत नव्हता. चौथीत असताना छाती किती, बाही किती. नाशिकला निघालो तेव्हाच्या पँटची कंबर सव्वीस. लग्नातला कोट. पोट सुटल्यावरचा शर्ट. “आते कंबर बेचाळीस,” तो म्हणाला आणि ओट्यावरचे हसले. मी नाही हसलो. तो माझ्या मापात गुंतला होता, त्याचं स्वतःच्या अंगाकडे लक्ष नव्हतं, आणि तेवढ्यात त्याचे ओठ, जीभ, उजव्या हाताची बोटं आपोआप हलायला लागली. जे तो दिवसभर दाबून ठेवायचा ते बाहेर आलं. सिस्टर तिकडे वहीत बाण काढत असणार.

मग त्या एकदम म्हणाल्या, “मागं फळीवर ते खोके कसले?”

“बटनं शेतस,” भाऊ म्हणाला. “हुक, बटनं.”

“बटणांचे खोके असे नसतात. एक जवळ आणा.”

वहिनीने एक खोका खाली काढला. आत बटणं खुळखुळली. तिने तो फोनसमोर धरला. मला तोपर्यंतही काही सुचलं नव्हतं.

“मशीनवाले, वाचा काय लिहिलंय. मोठं नको, खालचं बारीक वाचा.”

मी चष्मा लावून वाचलं. गॅसच्या कॅप्सूल. भाऊला जळजळ व्हायची. तिथल्या मेडिकलवाल्याने एक पट्टी दिली, बरं वाटलं. मी म्हटलं, पट्टी पट्टी कशाला घ्यायची? नाशिकला माझ्या ओळखीचा ठोक विक्रेता होता, त्याच्याकडून खोकाच आणला. स्वस्तात पडला. मग दर खेपेला आणत गेलो. रोज सकाळी एक, उपाशीपोटी, चुकवायची नाही, हे भाऊला मीच बजावलं होतं. गॅसची कॅप्सूल म्हणजे औषध, असं आमच्याकडे कोणाच्या डोक्यात येत नाही. रिकामे खोके चांगले जाड होते. भाऊने त्यांत बटणं भरली.

“किती खोके हायत?”

वहिनीने मोजले. “सतरा शेतस.”

“कोणी आणले?”

वहिनीने माझ्याकडे बघितलं.

“मी आनात,” भाऊ म्हणाला.

“सटाणा, तुम्हाला नाय विचारलं. तुम्ही वर्षभर गल्ली सोडली नाय आणि खोक्यावर शिक्का नाशिकच्या दुकानाचा हाय. कोणी आणले?”

ओट्यावरचे आत वाकून बघत होते. हॉटेलवालाही. तिसऱ्यांदा त्यांनी तेच दोन शब्द विचारले, तेवढ्याच आवाजात.

“मी आणले,” मी म्हणालो.

“किती वर्षं?”

“दोन. थोडी जास्त.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर चांगल्या शब्दांत बोलले. त्या कॅप्सूलमध्ये दोन औषधं असतात. एक आम्लपित्ताचं. दुसरं पोटातलं अन्न पुढे ढकलायला, पण ते मेंदूपर्यंत पोचतं आणि हालचाल चालवणाऱ्या रसायनाला अडवतं. वयस्कर माणसाने महिनोन्महिने घेतलं तर हे असं होऊ शकतं. कॅप्सूल बंद करायची. बाकीची गोळी सध्या आहे तशीच, ती पुढे ते स्वतः कमी करतील. हात-पाय बऱ्याच अंशी सुटायला हरकत नाही, पण महिने लागतील. ओठांचं मात्र आज सांगता येत नाही, ते राहूही शकतं.

डॉक्टर गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, “ते बाहेरचे पाहुणे कोण?”

“मशीन न्यायला आलोय,” हॉटेलवाला म्हणाला.

“शिवायला?”

“नाही. टेबल करायला.”

“मग आज नेऊ नका. ह्या मशीनवर आमची तपासणी चालू हाय.”

झालं. माझा दिलेला शब्द एका वाक्यात मोडला. हॉटेलवाला माझ्याकडे बघत होता आणि मी फोनकडे. फोनवर नुसतं कपाळ. पुढे त्याला माझ्या गोदामातला दुसरा सांगाडा दिला, पण तो भाग वेगळा. चारचौघांत विचारायची गरज नव्हती. मला एकट्याला फोन करता आला असता. मी हे त्यांना नंतर एकदा बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, “एकट्याला विचारलं असतं तर तुम्ही दहा गोष्टी सांगितल्या असत्या.” ते खरं आहे. त्याने राग कमी होत नाही.

त्या संध्याकाळी मी संतापात आणखी एक चूक केली. घरातल्या सगळ्या गोळ्या गोळा केल्या आणि गटारात टाकल्या. कॅप्सूल तर टाकल्याच, कंपवाताची गोळीही टाकली. म्हटलं, कुठलंच विष घरात नको. वहिनी म्हणत राहिली, “आप्पा, कितला चिडतस! डॉक्टर काय बोलनात ते आठवा.” मी ऐकलं नाही आणि नाशिकला निघून आलो. दोन दिवसांनी भाऊला खाटेवरून उठता येईना. अंग लाकडासारखं झालं. वहिनीने मला न विचारता सिस्टरांना फोन लावला. अर्ध्या तासात डॉक्टर फोनवर, गोळी परत सुरू, आणि मला सिस्टरांचा फोन.

“मशीनवाले, चालू मशीनचा पट्टा तुम्ही ओढून काढता का?”

“नाही.”

“का?”

“हात जाईल.”

“मग माणसाची गोळी का ओढून काढली?”

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

“तुमचा राग तुमच्या शेडमध्ये ठेवा. भाऊच्या औषधाच्या डब्यात नको. आणि आता एक काम करा. घरात जे जे पोटात जातं ते सगळं एका कागदावर लिहा. गॅसचं, काढा, चूर्ण, शेजारणीनं दिलेलं, सगळं. तुमच्या हातानं लिहा. स्टँडच्या नळीला चिकटवा.”

मी लिहिलं. अजून चिकटवलेलं आहे. माझ्या स्वतःच्या घरातही एक आहे.

पुढची तपासणी महिन्याने. सिस्टरांकडे एक छापील कागद असायचा, पेशंटने त्यावर गोल गोल रेघ काढायची. भाऊने पेन धरलं आणि ओशाळला. तो कधी फार लिहिणारा नव्हता. सिस्टरांनी ते ओळखलं. “कागद राहू द्या. तुम्ही काज करून दाखवा.”

“हातनं?”

“हातानं. सुई-दोऱ्यानं. जसं येईल तसं.”

भाऊने मांजरपाटाची एक लांब पट्टी घेतली. कात्रीने चीर पाडली आणि कडेने काजाचा टाका घालायला लागला. एक काज करायला त्याला पाऊण तास लागला. सिस्टर बसून होत्या. मध्ये एकदा शेंगदाण्याचा आवाज आला. ते काज उंदराने कुरतडल्यासारखं झालं. टाके कुठे लांब, कुठे एकावर एक. भाऊ पट्टी फाडायला निघाला.

“फाडू नका,” सिस्टर म्हणाल्या. “ठेवा. पुढच्या महिन्यात तिच्याच शेजारी दुसरं.”

दुसरं तसंच झालं. तिसरं जरा बरं, पण चीर वाकडी. चौथ्यात पहिल्यांदा बटण गेलं. सहाव्या महिन्यात पायडल न थांबता चालायला लागलं; वहिनीने मला फोन करून नुसता आवाज ऐकवला. मी शेडमधली ड्रिल बंद करायला लावली आणि ऐकलं. आठव्या महिन्यात भाऊने गल्लीतल्या एका पोरीचा फ्रॉक शिवला. डॉक्टरांनी कंपवाताची गोळी हळूहळू कमी करत बंद केली. ओठ अजून चघळतात, पूर्वीपेक्षा कमी. त्यावर नवीन औषध द्यायचं का, हे डॉक्टर आणि सिस्टर दर वेळी जोखायचे, भाऊ म्हणायचा, “कपडा हातनं शिवतस, ओठनं नही, राहू द्या.” सिस्टरांवर त्याचा पहिल्यापासून विश्वास. “त्या बाईले सगळं दिखस,” एवढंच तो म्हणायचा. मला यात काय म्हणायचंय ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

मी मधल्या काळात त्यांना एकदा द्राक्षांची पेटी नेली. त्यांनी ती खिडकीवरच्या मुलाला वाटायला दिली. एकदा साडी नेली, ती परत आणली. मला कोणाचं ओझं ठेवायला आवडत नाही, आणि या बाईने ते उतरवायची एकही जागा दिली नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी गेलो. अकरा काजांची ती पट्टी भाऊने पाठवली होती, फक्त दाखवायला. अकरावं काज बघाल तर मशीनचं वाटेल. सिस्टरांची खोली आवरलेली होती. नवी सिस्टर एका कोपऱ्यात उभी होती, पायात बूट. जमिनीवरच्या खडूच्या रेघा मात्र ताज्या होत्या, त्याच सकाळी ओढलेल्या.

त्यांनी पट्टी हातात घेतली. नखाने एकेक काज चाचपत शेवटपर्यंत गेल्या आणि पुन्हा सुरुवातीला आल्या.

“पट्टी मला द्या.”

“नाही,” मी म्हणालो. “भाऊची आहे. दाखवायला आणली.”

“सगळी नको. चांगली काजं तुम्ही ठेवा. वाईट मला द्या. नव्या बाईला शिकवायला वाईटच लागतात.”

त्या पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागत होत्या. मी सावरून बसलो. इतके महिने वाट बघत होतो.

“किती?”

“पहिली पाच.”

“दोन.”

“तीन.”

“तीनसुद्धा जास्त होतात,” मी म्हणालो, पण त्यांनी टेबलावरची बँडेज कापायची कात्री उचललेली होती. तिसऱ्या आणि चौथ्या काजाच्या मधोमध कापलं. तुकड्यातलं एक काज त्यांनी नव्या सिस्टरच्या हातात कापून दिलं, तिला काहीतरी सांगितलं, आणि उरलेली दोन स्वतःच्या पिशवीत टाकली. मला आठ परत मिळाली. अकरातली आठ, तीही चांगली. मी खूश होऊन बाहेर पडलो. गाडीत बसल्यावर पट्टी उघडली.

ती आता चौथ्या काजापासून सुरू होत होती. जिथून बटण जायला लागलं तिथून. ही पट्टी आमच्या घरात राहणार, पुढे कोणी बघेल, आणि त्याला वाटेल भाऊचा हात कधी एवढा बिघडलाच नव्हता. माझ्या खोक्यांचे महिने तिच्यावरून पुसले गेले होते.

मी गाडीतून उतरलो. त्यांना काय बोलणार होतो ते माहीत नव्हतं, बहुतेक भांडणारच होतो. त्या रस्त्यापलीकडे हरसूलच्या गाडीत चढत होत्या. खिडकीजवळ बसल्या. पिशवीतून तो दोन काजांचा तुकडा काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तुकडा उजेडाकडे धरून बारकाईने बघायला लागल्या. चष्म्याशिवाय त्यांचं पूर्ण तोंड मला पहिल्यांदाच दिसलं. गाडी सुटेपर्यंत मी तिथे उभा होतो.

त्यांनी वर बघितलं नाही. राग आहे तो त्याचाही.